रक्तगुठळीप्रवणता, आनुवंशिक : चाचणी

शिरांमध्ये, विशेषतः पायाच्या खोल शिरांमध्ये, पुन्हा पुन्हा रक्त गोठण्याचा जन्मजात कल तपासणीने ओळखणे. असा कल घराण्यात उतरतो हे 1965 मध्ये नॉर्वेतील एका कुटुंबात आढळलेल्या अँटिथ्रॉम्बिन या गोठणे रोखणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेवरून कळले. 1980 च्या दशकात प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांच्या कमतरता, 1994 मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा जनुकदोष आणि 1996 मध्ये प्रोथ्रॉम्बिनचा दोष, असा हा शोध पुढे गेला. शेवटच्या दोन्ही दोषांसाठी जनुकचाचणी करतात. पण युरोपीय वंशाच्या सुमारे 5 टक्के लोकांत असलेला लायडन दोष भारतात बराच विरळ आहे आणि प्रोथ्रॉम्बिनचा त्याहूनही दुर्मीळ. म्हणून या चाचण्यांचा तयार संच, ‘पॅनेल’, हा दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा आहे, तो इथे ढगळ होतो.

इथे आधी काय तपासावे याचे एक उदाहरण : भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकरांचे गाव. या परिसरात रक्ताचा आनुवंशिक दोष म्हटले की आठवतो तो सिकलसेल, आणि रक्त गोठण्याच्या विचारातही त्यालाच आधी स्थान हवे. मध्य भारतातील वाहकांची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटतात, फुटतात आणि गोठणक्रिया चेतवतात. म्हणून दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या ‘एसएस’ रुग्णांत गुठळीचा धोका बराच वाढतो. एकाच पालकाकडून दोष आलेल्या ‘एएस’ वाहकातही फुप्फुसात गुठळी अडकण्याचा धोका साधारण दुप्पट आढळतो, मात्र एवढ्यावरून वाहकाला रक्त पातळ ठेवणारी गोळी देत नाहीत. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी स्वस्त आहे. निदान पक्के करतात ते इलेक्ट्रोफोरेसिसने किंवा एचपीएलसीने. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले होते.

लायडनच्या चाचणीला असे मागे ठेवण्यावर आक्षेप असा, की एकदा गुठळी झालेल्याला पुढचा धोका कळायला लायडनची चाचणी हवीच. पुरावा तसे म्हणत नाही. लायडनमध्येच 474 रुग्णांचा पाठपुरावा झाला (2005) आणि पुन्हा गुठळी कोणाला होईल हे अशा चाचण्यांपेक्षा पहिली गुठळी कशी झाली यावरून अधिक कळले : शस्त्रक्रियेनंतर झाली तर पुढचा धोका कमी, विनाकारण झाली तर जास्त. गोळ्या किती काळ घ्यायच्या हेही बहुधा यावरच ठरते. दुसरा आक्षेप नातेवाइकांविषयीचा, आणि तो खरा आहे : तरुणपणी विनाकारण गुठळ्या झालेल्या घराण्यात अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी व एस मोजावेत, कारण बाळंतपण किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा निर्णय त्याने बदलतो. मात्र ताज्या गुठळीत, हेपॅरिन वा वॉर्फरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना आणि गरोदरपणात हे आकडे फसवतात. जनुकचाचणीला ही अडचण नाही. सिकलसेलची तपासणीही फसू शकते : तिच्याआधी तीन महिन्यांत रक्त चढवले असेल, तर ते तपासणाऱ्याला आधीच सांगावे लागते.