गाडीची किल्ली

आमच्या घरात किल्ल्यांचे राज्य दोघांत वाटलेले होते. कपाटाची, कोठीची, धान्याच्या खोलीची आणि देवघरातल्या पितळी पेटीची, अशा सगळ्या किल्ल्यांचा जुडगा आईच्या कमरेला. आणि गाडीची एकुलती एक किल्ली अण्णांच्या खिशात. आईचा जुडगा वाजे. ती घरात कोठे आहे हे आम्हां मुलांना न पाहता कळे. अण्णांची किल्ली मात्र अबोल. रात्री ती उशाखाली जाई आणि सकाळी पुन्हा खिशात येई. आईच्या जुडग्यात ती एकदाही गेल्याचे मला आठवत नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९८७ साली अण्णांनी ती नांदेडहून जुनी विकत आणली, तेव्हा मी पहिलीत होते. आणल्या दिवशी ती आधी रेणुकामातेच्या डोंगरावर गेली, तिला हळदकुंकू वाहिले, नारळ फुटला, आणि प्रसादाचा तांबूल तोंडात धरूनच आम्ही सारे घरी उतरलो. तीन वर्षांपूर्वी अण्णा गेले. गाडी पत्र्याखाली उभी राहिली आणि किल्ली त्यांच्या तसबिरीमागे गेली.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा भाचा नांदेडहून आला. तो तंत्रनिकेतनात शिकतो. आल्या दिवशी गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "आत्या, आजोबांची गाडी आपण बिनकिल्लीची करू. खिशात एक चकती ठेवायची. जवळ गेलं की दार आपोआप उघडणार, आणि बटण दाबलं की इंजिन चालू!"

मी शाळेत इतिहास शिकवते, कादंबऱ्या लिहिते. साहजिकच मला संताप आला. "हेमाडपंती देवळाला गुळगुळीत फरशा बसवण्यातला प्रकार आहे हा," मी म्हणाले. "जुन्या वस्तूचं जुनेपण राखायचं असतं."

तो शांतपणे म्हणाला, "पण गाडीला किल्ली पहिल्यापासून होती का गं?"

मला उत्तर आले नाही. इतिहासाच्या शिक्षिकेला याहून मोठी चपराक नाही. मी पुस्तके धुंडाळू लागले, आणि जे हाती आले त्याने माझाच पक्ष लंगडा केला.

मोटारीच्या आरंभी किल्ली नव्हती, हँडल होते. इंजिनाचा स्वभाव असा की ते स्वतःहून जागे होत नाही. पहिले काही फेरे दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागतात, मग ते आपल्या बळावर चालते. हा पहिला धक्का माणसाचा दंड देत असे. गाडीसमोर वाकायचे, लोखंडी हँडल भोकात घालायचे आणि हिसका देऊन फिरवायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे, आणि हँडल माणसाचे मनगट मोडून टाकी. आमच्या लहानपणी गडावर भाविक नेणारी एक जुनी जीप होती. तिचा ड्रायव्हर आम्हां पोरांना बजावून सांगे, "हँडल धरताना अंगठा कधी पलीकडून घेऊ नये, बोटांच्याच बाजूला ठेवावा. नाहीतर अंगठा जायचा!" त्या एका वाक्यात चाळीस-पन्नास वर्षांचे अनुभव गोठलेले होते, हे मला आता कळते.

या हँडलापुढे राजा-रंक सारखेच. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स रॉइस कंपनीकडे सिंहासनासारखी बैठक असलेली एक पिवळी मोटार मागवली. ती १९१२ ची. मोटार येण्याआधीच, १९११ मध्ये, निजाम वारले. ही मोटार हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात लोकांना पाहायला ठेवली आहे. पण सिंहासन गाडीत असले तरी ती सुरू करायला कोणा चाकराला समोर वाकून हँडलच मारावे लागे. कारण रोल्स रॉइसच्या त्या जातीच्या गाडीला विजेचा स्टार्टर मिळाला तो १९१९ मध्ये.

अमेरिकेत मात्र त्याच १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला हँडलापासून सुटका मिळाली होती. ती देणारा माणूस चार्ल्स केटरिंग. तो आधी गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात होता. दुकानाच्या गल्ल्याचा खण उघडायला त्याने एक लहानशी विजेची मोटर बसवली होती. तेथे त्याला जे सुचले तेच गाडीला लागू पडले: मोटर दिवसभर चालवायची नसेल, क्षणभरच जोर लावायचा असेल, तर ती लहान असली तरी चालते. पहिलवान तासभर बैठका मारतो. येथे एकच हिसका हवा आहे. बॅटरीतून तो हिसका आला आणि माणसाचा दंड मोकळा झाला. या यंत्राला इंग्रजीत "आपले आपण सुरू करणारा" अशा अर्थाचे नाव पडले. आपल्या मिस्त्रीलोकांनी त्यातला अर्धा शब्द उचलून "सेल्फ" केला. आजही आपण "सेल्फ मारला" असेच म्हणतो.

सेल्फ आला आणि मोटारीच्या इतिहासात एक दार हळूच उघडले. ज्यांच्या दंडात हँडलाचे बळ नव्हते, त्यांना गाडी चालवता येऊ लागली. वृद्धांना, आणि मुख्यतः बायकांना. हे वाचताना मी थबकले. कारण मला एक जुनी दुपार आठवली.

मी सातवी-आठवीत असेन. आईने एकदा, पोळ्या लाटता लाटता, सहज विचारावे तसे विचारले होते, "अहो, मला शिकवाल का गाडी?" अण्णा हसले. रागावले नाहीत, ते रागावणारे नव्हतेच. दर नवरात्रात आईला गडावर नेण्यात त्यांनी कधी खंड पाडला नाही. ते एवढेच म्हणाले, "माहूरच्या घाटात ते बायकांचं काम नाही." आईने पोळी उलटली. विषय संपला.

याच माहूरची देशमुखीण रायबागन फौज घेऊन रणात उतरत असे. तिच्या पराक्रमावरून औरंगजेबाने तिला हा किताब दिला, आणि १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत करतलबखानाच्या फौजेत ती होती, हे मी दरवर्षी मुलांना शिकवते. घोड्यावरून फौज चालवणारी बाई आमच्या गावाने तीनशे वर्षांपूर्वी पाहिली. आणि माझ्या आईला एक गाडी चालवायला मिळाली नाही. सेल्फ तर पद्मिनीलाही होता! अडचण दंडाच्या बळाची नव्हतीच. अडचण किल्ली कोणाच्या खिशात, ही होती.

मग किल्ली आली केव्हा? सेल्फनंतर कित्येक वर्षे गाड्या बटणावर सुरू होत. कोठे ते हाताने दाबायचे, कोठे पायाने. किल्ली असलीच तर ती विजेचा प्रवाह मोकळा करण्यापुरती; इंजिन फिरवण्याचे काम बटणाचे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तर पुढे पुढे किल्लीच उरली नाही. साधा एक खटका आणि पायाखाली बटण. ऐन रणांगणात गोळ्या सुटत असताना "किल्ली कोणाकडे आहे?" असे विचारत कोण बसणार? हीच विलीज जीप १९४७ पासून मुंबईत महिंद्रांच्या कारखान्यात जोडली जाऊ लागली आणि तिचीच पिलावळ पुढे खेडोपाडी पसरली.

प्रवाह आणि सेल्फ ही दोन्ही कामे एकाच किल्लीच्या फिरकीत आणली ती अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने, १९४९ मध्ये. म्हणजे ज्या "किल्ली फिरवून गाडी सुरू करणे" या रीतीला मी प्राचीन समजत होते, तिचे वय माझ्या आईपेक्षा फार नाही! आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट निघाली, आणि १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी या नावाने घरोघरी पोहोचली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा चेहरा तो हाच. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीचीही मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. किल्लीचे राज्यही तोवर ओसरू लागले होते. १९९३ च्या कॉर्व्हेट गाडीचे दार खिशातल्या यंत्राला ओळखून उघडू लागले होते, आणि विसावे शतक सरता सरता मर्सिडीजसारख्या गाड्यांवर बटण परत आले. म्हणजे भाच्याचे बटण हे नवे खूळ नव्हे. मधली पन्नास वर्षे माहेरी गेलेले बटण सासरी परतले होते.

आणि ती चकती? तिचाही पूर्वज मला घराच्या ओसरीतूनच दिसला. समोर माहूरगड उभा आहे. गडाच्या दरवाजाला बाहेरून कुलूप नसते. त्याला आतून अडसर असतो. रात्री बाहेरून आलेल्याने परवलीचा शब्द सांगायचा, आतल्या पहारेकऱ्याला तो पटला की दिंडी उघडायची. चकतीचेही तेच. माणूस हातभर अंतरावर आला की गाडी तिला अदृश्य लहरींतून विचारते, "कोण?" चकती परवलीचा आकडा सांगते, आणि तो चोराने ऐकून ठेवू नये म्हणून चांगल्या यंत्रात दर खेपेस बदलतो. पटले की दारातली लहान मोटर खटका ओढते. मात्र पहारेकरी रात्रंदिवस जागा ठेवायचा तर त्याला शिधा लागतोच; गाडी महिना-महिना उभी राहिली तर हा पहारा बॅटरीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो. आमची गाडी तर बहुधा उभीच. म्हणून दर चार दिवसांनी ती चालवावी, असा करार भाच्याशी झाला.

माझा विरोध मावळला खरा, पण काम सरळ झाले नाही. बाजारातल्या एका वायरमनने पेटीतले यंत्र भराभर जोडले. ब्रेकवर पाय असल्याखेरीज बटण चालू नये, यासाठी एक तार असते, ती त्याने "काय गरज आहे?" म्हणून मोकळीच सोडली. खिडकीतून हात घालून बटण दाबले. गाडी गिअरमध्ये होती. ती बेडकासारखी उडी मारून थेट तुळशीवृंदावनाला जाऊन भिडली. एक कोपरा उडाला. आई काही बोलली नाही. तिने तुळशीला पाणी घातले. त्यानंतर भाच्याने आठ दिवस बसून सगळ्या तारा उकलल्या, ब्रेकची तार जोडली, क्लचलाही एक खटका दिला, जुन्या वायरींवर भार नको म्हणून सेल्फला वेगळा रिले लावला. आणि माझ्या हट्टाखातर अण्णांची किल्लीही चालू ठेवली. चकती रुसली तर किल्ली आहेच.

खंडेनवमीला गाडीची पूजा झाली. भाचा म्हणाला, "आजी, तू बस." आई पंचाहत्तरीला आली आहे. संधिवाताने तिची बोटे वाकली आहेत. कपाटाची किल्ली फिरवायलासुद्धा ती हल्ली मला हाक मारते. ती अण्णांच्या जागेवर बसली. पदर सावरला. भाचा शेजारून सांगत होता, "न्यूट्रल मी पाहिलंय. डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेकवर." चोक मात्र हातानेच ओढावा लागला, बटण आले म्हणून जुना कार्ब्युरेटर थोडाच शहाणा होतो! आईने वाकड्या बोटाने बटण दाबले. इंजिन खोकले आणि थांबले. तिने पुन्हा दाबले. पद्मिनी सुरू झाली.

आई बराच वेळ तशीच बसून राहिली. गाडी जागच्या जागी थरथरत होती. मग ती कोणाकडेही न पाहता म्हणाली, "एवढंच होतं होय?"

मला तिच्याकडे बघवेना. मी तुळशीच्या उडालेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिले.

आई आता गाडी शिकणार नाही. घाट तर दूरच. पण चकती तिने आपल्या जुडग्यात अडकवली आहे, आणि तिच्याच शेजारी अण्णांची किल्ली. त्यामुळे रोज पहाटे एक गंमत होते. आई रांगोळी घालायला अंगणात उतरते, पत्र्याजवळून जाते, आणि पद्मिनीची दारे खट्‌कन उघडतात. ती तुळशीकडे वळली की खट्‌कन मिटतात. भाचा म्हणतो, बॅटरी फुकट जाते, चकती घरात ठेवायला सांग.

मी सांगितलेले नाही.