मीटर, आरसी बुक आणि मिस्त्री

बखर, पत्रव्यवहार, शिलालेख यांची विश्वसनीयता कशी तपासावी हे आपण वर्गात मोठ्या तयारीने शिकवतो. घरात आलेल्या एका जुन्या मोटारीपुढे मात्र ही तयारी माझ्या कामी आली नाही.

२००६ साली मी तासिका तत्त्वावर शिकवत होतो. वडिलांना स्टेशनचा पूल चढणे जमेनासे झाले होते आणि उपचारांसाठी त्यांना दर आठवड्याला वसईला न्यावे लागे. लोकलने भाईंदर-नायगाव हा खाडीवरचा काही मिनिटांचा प्रवास. रस्त्याने मात्र काशिमिरा, वर्सोवा पूल आणि महामार्ग असा लांबलचक वळसा. म्हणून मीरा रोडला बावीस हजारांत १९९२ सालची प्रीमिअर पद्मिनी घेतली. मीटरवर सदतीस हजार किलोमीटरचा आकडा होता आणि तो पाहून मी हरखलो होतो. काशिमिऱ्याच्या मिस्त्रींनी, हे मूळचे सातारकडचे, मीटरकडे पाहिलेही नाही.

"आकडा कशाला बघताय, सर? पाच घरांचं मीटर हाय. लाख झाले की पुन्हा शून्यापासनं. पेडलचं रबर बघा."

क्लचच्या पेडलचे रबर झिजून आतले लोखंड चकाकत होते. चालकाच्या बाजूचा दरवाजा लावताना तो किंचित उचलून धरावा लागे, इतकी बिजागरी सैल झालेली. एक्झॉस्टमधून निळसर धूर येई, म्हणजे इंजिन ऑइल पीत होते. हे सगळे पाहून मिस्त्रींनी निदान केले की मीटर किमान एकदा, बहुधा दोनदा फिरून आलेले आहे. आरसी बुकात आधीच्या तीन मालकांची नावे शिक्क्यांसह होती, रीतसर वंशावळच. पण त्या चौदा वर्षांत इंजिन कधी उघडले, रिंगा कोणी बसवल्या, याविषयी एक अक्षर नव्हते. मालकी नोंदवली जाते, दुरुस्ती नाही.

छापील इतिहासाचेही असेच आहे. 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'कार गं. दे. खानोलकरांनी वालचंद हिराचंदांचे विस्तृत चरित्र लिहिले, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. सोलापूरच्या या उद्योजकाने १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, पुढे फियाटशी करार झाला. १९६४ची 'फियाट ११०० डिलाइट' १९७२ साली 'प्रीमिअर प्रेसिडेंट' आणि १९७४ साली 'प्रीमिअर पद्मिनी' झाली. नावे बदलत गेली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगलगतचा गिअरचा दांडा बराच काळ तसेच राहिले. साठच्या दशकातल्या इटालियन आराखड्याची ही गाडी किरकोळ फेरफारांसह २००० सालाच्या सुमारापर्यंत बनत होती.

परवाना-राजच्या साचलेपणाचा नमुना म्हणून अर्थशास्त्रज्ञ या गाडीकडे बोट दाखवतात, आणि ते चूक नाही. स्पर्धा नव्हती, नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि ग्राहकाला विचारतो कोण? पण याच साचलेपणाला एक दुसरी बाजू आहे. आराखडा पस्तीस वर्षे जवळपास तोच राहिल्याने एका गाडीचा भाग दुसरीला चाले आणि एका पिढीच्या मिस्त्रीने शिकलेले पुढच्या पिढीच्या उपयोगी पडे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यानंतरही पद्मिनी हटली नाही, याचे श्रेय कारखान्याइतकेच गॅरेजला द्यावे लागेल. नव्या मोटारीची वाईट बाजू जुन्या मोटारीची चांगली बाजू ठरली, हे मला आजही गमतीचे वाटते.

आमच्या गाडीचे पुढचे चाक डगमगू लागले तेव्हा याचा अनुभव आला. किंगपिनचे बुश गेले होते. मिस्त्रींनी मला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पाठवले. सुट्या भागांच्या त्या ढिगाऱ्यांत पिन मिळाली, बुश मात्र बसेना. मग भाईंदर पूर्वेला, जिथे स्टीलची भांडी घडतात त्या औद्योगिक गाळ्यांच्या गर्दीतील एका लेथवाल्याने जुना बुश हातात फिरवून पाहिला, पितळेची कांडी यंत्राला लावली आणि अर्ध्या तासात जोडी उतरवून दिली. नकाशा नाही, बिल नाही. मिस्त्रींनी तो ठोकून बसवला, चाक हलवून पाहिले आणि म्हणाले, "आता दादांना बिनघोर घेऊन जा." दादा म्हणजे माझे वडील. पुढची पाच वर्षे त्या बुशांवर आम्ही वर्सोवा पूल ओलांडत होतो. पुलावरच्या कोंडीत रेडिएटर उकळे, बॉनेट उघडून आम्ही कडेला उभे राहत असू, आणि एरवी अबोल असलेले वडील अशा वेळी गावच्या गोष्टी सांगत. माझ्याजवळ त्यांच्या ज्या आठवणी आहेत, त्यांतल्या निम्म्याअधिक त्या कडेच्या आहेत.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनीचा शेवट झिजून झाला नाही, नियमाने झाला. टॅक्सीच्या वयाची मर्यादा २००८ साली पंचवीस वर्षे आणि २०१३ साली वीस वर्षे झाली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिले: टपावरचे सामान, बाहेरचे मीटर, आतली रंगीत सजावट. जिने या टॅक्सीला वीस वर्षे चालते ठेवले ती गॅरेजमधली माणसे त्या लेखांत मला फारशी दिसली नाहीत.

आमची खाजगी गाडी त्याआधीच गेली होती. पंधरा वर्षे झाल्यावर २००७ साली तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. २०१२ साली पुन्हा वाढवायची वेळ आली, पण वडील आदल्या वर्षी गेले होते. आरसी बुक परत केले, गाडी भंगारात दिली. भंगारवाला येण्यापूर्वी मिस्त्रींनी पुढची चाके उतरवून ते दोन्ही पितळी बुश काढले आणि ग्रीस पुसून डब्यात टाकले. कोणाची तरी दुसरी पद्मिनी त्यांच्याकडे पंधरवडाभर उभी होती.