तान्हुल्याच्या वाढीची रेघ

घरात तान्हे मूल असले म्हणजे त्याची वाढ सर्वांच्या दृष्टीस पडत असते. महिन्यापूर्वी सैल होणारे झबले आज अंगाशी बसते, पाळणा अपुरा वाटू लागतो, कडेवर घेणाऱ्याचा हात लवकर भरून येतो. तरीही मूल वाढते आहे आणि ते योग्य गतीने वाढते आहे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली डोळ्यांना दिसते. दुसरी कळण्यासाठी मोजावे लागते आणि मोजलेले लिहून ठेवावे लागते. आज आपल्या घरांतून बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी मुलाच्या वजनाचे व लसींचे कार्डही जपून ठेवलेले असते. ते इतके परिचयाचे झाले आहे, की त्यामागे चारशे वर्षांचा इतिहास उभा आहे हे सहसा ध्यानी येत नाही. त्या इतिहासाचा मागोवा घेताना एक प्रश्न आम्ही सतत समोर ठेवला आहे: ही नोंद कोणासाठी केली जात होती आणि ती कोणाच्या हाती होती?

मोजमाप नव्हते तेव्हा लोकांचे लक्ष नव्हते, असे मात्र नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांपाशी तराजू नव्हता, पण शब्द होते. बाळाने मान धरली, ते कुशीवर वळू लागले, पालथे पडू लागले, बसते झाले, रांगू लागले, धरून उभे राहिले आणि मग पहिले पाऊल टाकले. वर्षभराच्या वाढीचा हा आलेखच होता. ‘बाळ पालथे पडते का?’ हा शेजारणीचा प्रश्न निव्वळ कौतुकाचा नसे, त्यात अनुभवाने आलेली परीक्षाही असे. परंतु या शब्दांना एक मर्यादा होती. ज्या मुलाचे वजन दोन महिने गुपचूप थांबून राहिले आहे, ते मूल त्या काळातही हसत-खेळत असते. ते थांबणे शब्दांच्या जाळ्यात सापडत नसे. सापडे ते मूल उघडच रोडावल्यावर. आणि तोवर पुष्कळदा उशीर झालेला असे.

युरोपात अशा लेखी नोंदीचा मान प्रथम मिळाला तो एका राजपुत्राला. २७ सप्टेंबर १६०१ रोजी फ्रान्सच्या राजघराण्यात जन्मलेला तेरावा लुई याचा वैद्य झाँ एरोआर याने बाळाच्या जन्मापासून रोजनिशी लिहावयास घेतली आणि १६२८ साली आपला अंत होईपर्यंत ती चालू ठेवली. बाळाने काय खाल्ले, केव्हा झोपले, काय बोलले, हे सारे त्यात येते. ज्या युगात सामान्यांची असंख्य मुले वर्ष पुरे होण्याआधीच मातीआड जात, त्या युगात एका मुलाच्या प्रत्येक घासाची नोंद होत होती. कारण ते मूल म्हणजे सिंहासनाचा वारस होते.

पुढे अठराव्या शतकात वैद्यांनी व विद्वानांनी तराजू आणि मोजपट्टी हाती घेतली. जर्मनीतील गॉटिंगेन येथे रोएडरर या प्रसूतिवैद्याने नवजात बालकांची वजने व लांबी मोजून १७५३च्या सुमारास ती प्रसिद्ध केली. फ्रान्समधील काउंट फिलिबेर गेनो द माँबेयार यांनी १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत, म्हणजे तो अठरा वर्षांचा होईपर्यंत, सुमारे दर सहा महिन्यांनी मोजली. त्यांचे मित्र व विख्यात निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी ती आकडेवारी आपल्या ग्रंथाच्या पुरवणीत छापली. एकाच मुलाची इतकी वर्षे सलग ठेवलेली ही पहिली प्रसिद्ध नोंद होय. या आकड्यांतून एक सत्य स्पष्ट झाले: मनुष्याच्या वाढीचा वेग जन्मानंतर लगेच सर्वांत अधिक असतो आणि मग तो झपाट्याने उतरत जातो. पहिले वर्ष हे इतर वर्षांसारखे एक वर्ष नव्हे. त्या बारा महिन्यांत बाळाची लांबी जवळजवळ निम्म्याने वाढते, वजन सुमारे तिप्पट होते. एवढी घाई निसर्ग पुन्हा कधीच करीत नाही.

शरीराप्रमाणे मनाच्या वाढीकडेही लक्ष गेले. डिसेंबर १८३९ मध्ये चार्ल्स डार्विन यांना पहिला मुलगा झाला, त्याच्या बारीकसारीक हालचाली त्यांनी वहीत टिपल्या. सातव्या दिवशी तळपायाला कागदाचा कपटा लावताच बाळाने पाय आखडला, हे त्यांनी लिहिले. बाळाचे पहिले खरे हसू त्यांना पंचेचाळिसाव्या दिवशी दिसले आणि असे हसू मुख्यतः आईकडे पाहताना उमटते, अशीही नोंद त्यांनी केली. या टिपणांवरून त्यांनी १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात लेख लिहिला. मधल्या काळात त्यांचे नाव जगभर झाले होते. परंतु या पानांत दिसतो तो मुख्यतः पाळण्याशेजारी बसलेला एक बाप.

मात्र काउंटचा मुलगा काय किंवा डार्विनचा मुलगा काय, दोघेही सुस्थितीतल्या घरांतले. नोंद ठेवली जात होती ती ज्ञानासाठी. जिला सकाळी कारखान्यात जावयाचे आहे आणि जिचे मूल उन्हाळ्यातल्या हगवणीने आठवड्याभरात हातचे जाऊ शकते, त्या आईला या वह्यांचा काय उपयोग?

या प्रश्नाला उत्तर दिले पॅरिसच्या पिएर ब्यूदँ या प्रसूतितज्ज्ञाने. १८९२ साली त्यांनी शारिते रुग्णालयात तान्ह्या मुलांसाठी सल्लाकेंद्र उघडले. रुग्णालयात प्रसूत झालेल्या गरीब स्त्रियांनी घरी गेल्यावरही दर आठवड्याला बाळास घेऊन यावे, बाळाचे वजन व्हावे, ते नोंदले जावे, आईने अंगावर पाजावे म्हणून तिला धीर द्यावा आणि जिला ते शक्यच नसेल तिला जंतुरहित केलेले दूध द्यावे, अशी ही व्यवस्था होती. आज ती साधी वाटते. पण तिच्यात एक क्रांती दडलेली होती. तोवर मुलाला वैद्याकडे नेत ते आजारी पडल्यावर. ब्यूदँ यांनी निरोगी मुलाला बोलावले. वजनकाट्याचा उपयोग रोगाची चाहूल रोगाआधी घेण्यासाठी करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

तरीही कागद राहिला रुग्णालयाच्या कपाटातच. तो आईच्या हाती देण्याचे श्रेय आम्ही डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालरोगतज्ज्ञास देऊ. १९५०च्या दशकात पश्चिम नायजेरियातील इलेशा येथे मेथडिस्ट मिशनच्या इस्पितळात ते काम करीत होते. जवळच्या इमेसी-इले या गावात त्यांनी पाच वर्षांखालील मुलांसाठी दवाखाना चालविला आणि त्यातून त्यांचे ‘आरोग्याचा मार्ग’ या अर्थाच्या नावाचे कार्ड सिद्ध झाले. कार्डावर दोन वक्ररेषा छापलेल्या होत्या. त्या दोहोंमधला पट्टा हा आरोग्याचा रस्ता. दर महिन्याला वजनाचा एक ठिपका द्यावयाचा आणि ठिपके जोडून मुलाची रेघ काढावयाची. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेले हे कार्ड आईने घरी ठेवावयाचे. निरक्षर आया कार्डे हरवतील ही शंका अनुभवाने खोटी ठरली. त्यांनी ती जिवापाड सांभाळली.

मॉर्ले यांचा खरा धडा असा, की रेघ कोठे आहे यापेक्षा ती कोणीकडे चालली आहे हे महत्त्वाचे. लहान चणीचे मूल पट्ट्याच्या खालच्या कडेने, पण चढत्या रेघेने जात असेल तर चिंता नाही. उलट गुटगुटीत मुलाची रेघ दोन महिने आडवी झाली, तर ते मूल कितीही गोजिरे दिसो, काहीतरी बिघडले आहे. आणि ही आडवी रेघ अक्षरओळख नसलेल्या आईलाही वाचता येते.

हाच विचार आपल्या महाराष्ट्रातही रुजला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरला शिकलेल्या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले आणि खेड्यांतल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. मुलांची वजने घेणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. वसईकरांना फार दूर नसलेल्या, डहाणू तालुक्यातील कासा येथेही १९७०च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली आदिवासी पाड्यांतून असाच प्रयोग झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडीच्या तुळईला टांगलेला वजनकाटा देशभर पोहोचू लागला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना घरोघर जाऊन नवजात बालकाचे वजन घेण्यास, त्याचा श्वास मोजण्यास व त्यावर उपचार करण्यास शिकविले. ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नुसत्या वजनाने मूल वाचत नाही; वजन पाहून जो हात पुढे येतो, त्याने ते वाचते.

या इतिहासात एक खेदजनक प्रकरणही आहे. मूल मोजावयाचे, पण कोणत्या मापाने? १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून जगभर जे प्रमाण वापरले गेले, त्यातील तान्ह्या मुलांचे आकडे अमेरिकेच्या ओहायो राज्यातील यलो स्प्रिंग्ज येथील अभ्यासातून घेतलेले होते. ती मुले एकाच वंशाची, मध्यमवर्गीय आणि बहुतांशी बाटलीच्या दुधावर वाढलेली. अंगावर पिणारे मूल पहिले दोन-तीन महिने भराभर वाढते आणि मग त्याची गती थोडी मंदावते, हा निसर्गक्रम आहे. परंतु त्या आलेखावर असे निरोगी मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर घसरत असल्यासारखे दिसे. ‘तुझे दूध पुरत नाही’ हा निवाडा अनेक आयांच्या माथी अशा रीतीने मारला गेला आणि डबा घरात आला. पाणी अशुद्ध, बाटली उकळण्याची सोय नाही, अशा घरांत त्या डब्यापाठोपाठ हगवणही आली. दोष मापाचा होता. तो आईने सोसला.

ही चूक सुधारण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला. भारतातील केंद्र दिल्ली होते. अंगावर पिणारी, सुस्थितीतली, धूम्रपान न करणाऱ्या मातांची ही मुले. निष्कर्ष विलक्षण होता: मुलामुलांच्या लांबीतील एकूण फरकापैकी जेमतेम ३ टक्के फरक देशादेशांमुळे पडत होता, सुमारे ७० टक्के फरक एकाच ठिकाणच्या मुलामुलांमधला होता. योग्य आहार, स्वच्छता व माया लाभली तर पहिल्या पाच वर्षांत दिल्लीचे मूल ऑस्लोच्या मुलासारखेच वाढते. ‘आपली मुले मुळात खुजीच’ हे समाधान त्यामुळे खोटे ठरले. २००६ साली आलेली ही प्रमाणे आपल्या अंगणवाड्यांनीही स्वीकारली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे खुजेपण रक्तातले नव्हे, परिस्थितीतले आहे.

त्याच अभ्यासाने मुलांच्या कौशल्यांचेही काळ ठरविले आणि तेथे तारीख न देता खिडकी दिली. आधाराविना बसणे सुमारे चार ते नऊ महिने, एकट्याने चालणे सुमारे आठ ते साडेसतरा महिने. शंभरातील चार मुले तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, आणि तरीही ती नीट चालू लागली. म्हणून शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले व आपले चौदाव्यात, यात काळजीचे कारण नाही. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय तर अपेक्षित तारखेपासूनच मोजावयास हवे. परंतु खिडकी उलटून गेली, किंवा जमलेले कौशल्य मूल विसरू लागले, तर मात्र ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता काळ पुन्हा पालटला आहे. २०२१ पासून अंगणवाडी सेविका मुलांची वजने मोबाइलमधील पोषण ट्रॅकरवर भरतात आणि आकडे वरपर्यंत पोहोचतात. शासनाला ते हवेतच. पण मॉर्ले यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती दिलेली गोष्ट यात निसटू नये, असे आम्हांस वाटते. वजन झाल्यावर ठिपका कोठे पडला हे आईने पाहावे, बापाने पाहावे, आजीने पाहावे. रेघ आडवी असेल तर का, हे विचारावे. राजपुत्राच्या वैद्यापासून निघालेली ही नोंद चारशे वर्षांनी गरिबाच्या झोपडीत पोहोचली. ती कोणाच्या तरी दफ्तरात परत जाऊ नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.