नको असलेलं टपाल

अमेरिकेत राहिलेल्या प्रत्येकाला हा कागद ठाऊक आहे. कुपनं, कॅटलॉग, क्रेडिट कार्डांची आमंत्रणं.. टपालपेटीतून निघून थेट कचऱ्याच्या डब्यात! ते थांबवायचं कसं हा प्रश्न मात्र फार जुना नाही.

१८४० पूर्वी इंग्लंडात टपालाचे पैसे बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरायचा. नको असेल तर पोस्टमनला परत पाठवायचा. मग रोलंड हिलच्या सुधारणेतून पेनीचं तिकीट आलं. आपल्याकडे १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. गरिबाला पत्र परवडू लागलं, हे उत्तमच झालं. पण पैसे आता पाठवणाऱ्याचे, त्यामुळे काय पाठवायचं हेही तोच ठरवणार. (देवाच्या नावाने ‘अकरा पत्रं लिहा, नाहीतर..’ म्हणून धमकावणारी पोस्टकार्डं आठवतात का? तीही स्वस्त टपालाचीच देणगी.)

अमेरिकेत १९६३ मध्ये झिप कोड आला. हाताशी संगणक होतेच. पत्त्यांच्या याद्या विकणं हा धंदा फोफावला, आणि त्यातून अश्लील जाहिरातीही घरोघर पोचू लागल्या. लोक चिडले. १९६७ मध्ये काँग्रेसने कायदा केला: जाहिरात कामोत्तेजक वाटली तर घरच्याने टपालखात्याला कळवावं, मग त्या पाठवणाऱ्याने पुढे काही पाठवायचं नाही, नाव यादीतून काढायचं, आणि ते नाव दुसऱ्याला विकायचंही नाही.

आता मेख बघा. जाहिरात अश्लील आहे की नाही हे ठरवणार कोण? फक्त तो घरचा माणूस! त्याला कापडदुकानाचा कॅटलॉग अश्लील वाटला तरी खातं वाद घालणार नाही. प्रकाशक आणि यादीवाले अर्थातच कोर्टात गेले, भाषणस्वातंत्र्य बुडतं म्हणून. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना नकार दिला. सरन्यायाधीश बर्गर यांचा मुद्दा असा: सरकारी अधिकाऱ्याने मजकूर तपासला तर ती सेन्सॉरशिप होईल, म्हणून निवड घरच्याच्याच हाती हवी. बोलण्याचा हक्क आहे, पण न ऐकू इच्छिणाऱ्याच्या घरात घुसण्याचा नाही. मला हे पूर्ण पटतं, जरी कॅटलॉगला अश्लील ठरवणं हा वकिली चावटपणा वाटला तरी.

न्यायमूर्ती ब्रेनन यांनी मात्र एक खडा टाकला. या कायद्याने १८ वर्षांच्या मुलाचं राजकीय किंवा धार्मिक टपालही आईबाप अडवू शकतील, त्याचं काय? समोरच्या खटल्यात तो प्रश्न नव्हता, म्हणून तो तसाच राहिला.

पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, जाहिरातवाल्यांनी स्वतःहून ‘नाव वगळा’ यादी सुरू केली. नको म्हणायचं काम तरीही आपलंच. ॲम्स्टरडॅम शहराने २०१८ पासून हेच उलटं केलं: दारावर ‘हो’चा स्टिकर असेल तरच बिनपत्त्याची जाहिरात टाकायची. तिथेही व्यावसायिक कोर्टात गेले, आणि २०२१ मध्ये हरले.