आधी कळस, मग पाया

इ. स. 760च्या आसपासची सकाळ आहे. तुम्ही वेरूळच्या डोंगरमाथ्यावर उभे आहात. कैलासाचं देऊळ अजून कुठंच नाही. काळ्या कातळात उतरत गेलेले तीन चर तेवढे दिसतात. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण गादीवर आहे. खाली छिन्नी-हातोड्यांचा गदारोळ चाललाय, दगडाची भुकटी नाकातोंडात जातेय. मजूर चर खोल करताहेत आणि मधोमध राखलेल्या कातळावर कारागीर शिखर कोरताहेत. पाया अजून डोंगराच्या पोटात आहे.

परांची बांधलेली नाही. लागतच नाही. कारागीर उभा आहे तो न फोडलेल्या दगडावर. काम पुढं सरकतं तशी त्याच्या पायाखालची जमीनच खाली जाते. हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. घाव चुकला तर दुसरा दगड आणून बसवायची सोय नाही. शेवटी खोदकाम 276 फूट लांब, 154 फूट रुंद आणि मागच्या बाजूला 107 फूट खोल जाणार आहे.

थोडं पुढं सरका. 812 सालचा बडोद्याचा ताम्रपट वाचला जातोय: हे आपण घडवलं तरी कसं, असं खुद्द घडवणाऱ्यालाच वाटलं म्हणे! आणखी काही शतकांनी तुमच्या कानावर कथा येते. कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा राणीचा नवस. पैठणच्या कोकस नावाच्या शिल्पकारानं कळसापासूनच काम धरलं आणि तिचा उपास लवकर सुटला. कथा असेल, पण कामाची रीत त्यात अचूक आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस या. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे आहे; मालोजीराजे गावातल्या घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करताहेत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर ते देऊळ पुन्हा बांधून घेतात, लाल दगडात. इथं पाया आधी, दगडावर दगड, कळस शेवटी. एकाच गावात दोन उलट रीती.

आता आजच्या वेरुळात. 1983पासून लेणी जागतिक वारशाच्या यादीत आहेत. इतर खाणींत काढलेला दगड मोलाचा असतो. इथं काढलेला टाकाऊ, राखलेला मोलाचा. म्हणून मूर्तींआधी चराच्या भिंतींवरचे टाकीचे घाव बघा. घाव कुठं थांबवायचा, हे ज्याला कळलं त्याच्याच हातून कैलास घडला.