तीन मिनिटांचे गाणे आणि त्याचे पारखी

मराठीत नाटकाला परीक्षक मिळाला, पुस्तकाला मिळाला, पुढे बोलपटालाही मिळाला. नव्या निघालेल्या गाण्याला मात्र तो फार बेताने मिळाला. तबकडी बाजारात आली, घरोघर गेली, सुई झिजेपर्यंत वाजली आणि एक दिवस माळ्यावर पडली; पण ती कशी होती हे कागदावर लिहून ठेवणारा माणूस विरळा. हल्ली डोंबिवली-कल्याणकडची मुले घरातल्या खोलीत संगणकावर गाणी रचतात आणि कोणत्याही बड्या कंपनीचा उंबरठा न चढता ती जगापुढे ठेवतात. आमच्या गाण्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही, अशी त्यांची तक्रार माझ्या कानी येते. तक्रार रास्त आहे, पण नवी नाही. शंभर वर्षांची जुनी आहे आणि तिचा इतिहास या आमच्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातूनही जातो.

संगीतावर मराठीत कोणी लिहिलेच नाही असे मात्र म्हणवत नाही. केशवराव भोळे यांनी ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी जे लिहिले, ते आजही वाचावे. 1933 साली त्यांचे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ पुस्तकरूपाने आले. मोठ्या नावांपुढे न बुजता आवाज कसा लागतो, तान कुठे दमते, शब्द कुठे चिरडला जातो हे ते सांगत. त्याच वर्षी ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला त्यांनी चाली दिल्या आणि परीक्षक स्वतःच आटोपशीर, भावप्रधान गाण्याचा कर्ता झाला. ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. पण भोळ्यांची लेखणी मुख्यतः गवयांवर चालली. मैफलीत तीन तास बसून ऐकलेल्या गायकाबद्दल लिहिणे प्रतिष्ठेचे होते. तीन मिनिटांत संपणाऱ्या तबकडीबद्दल लिहिणे म्हणजे फुटाण्याच्या पुडीचे रसग्रहण करण्यासारखे मानले जाई. कंपन्या नव्या तबकड्यांची सूचिपत्रके काढीत. त्यांत अर्थातच सगळीच गाणी गोड असत.

या तीन मिनिटांच्या गाण्याचा जन्म यंत्रातून झाला हे विसरून चालणार नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, तेव्हा गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून खच्चून गावे लागे. गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारी. कारण मेणाचे मूळ ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कारागिराला हा आवाज कोणाचा ते कळण्यास दुसरा मार्ग नव्हता. गौहरजानचे ते नाव सांगणे तबकड्यांवर कायमचे राहिले आहे. 1925 नंतर मायक्रोफोन आला आणि कुजबुजीएवढा हळवा स्वरही तबकडीवर उतरू लागला. मराठी भावगीत हे माझ्या मते या मायक्रोफोनचेच अपत्य. ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी तबकडीवर गायिली ती 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. कर्ण्याच्या जमान्यात ती शीळ कोणाला ऐकूच आली नसती. विजेवर चालणारे गाणे म्हणून आजच्या मुलांच्या संगीताला जे नाक मुरडतात, त्यांनी ज्या गाण्यांवर आपण वाढलो तीही विजेचीच लेकरे आहेत हे ध्यानात घ्यावे.

बड्या कंपनीबाहेर राहून गाणे काढण्याची धडपडही जुनीच. 1935 च्या सुमारास मुंबईत ‘यंग इंडिया’ नावाने तबकड्या निघू लागल्या. मोठे गवई मोठ्या कंपन्यांनी बांधून घेतलेले. तेव्हा या छापाने नवख्यांना आणि हौशी मंडळींना जागा दिली. वीसएक वर्षांत तो कारभार आटोपला. त्यातले किती नवखे खरोखर गुणी होते आणि किती नुसते हौशी, याचा निवाडा त्या त्या वेळी कोणी लिहिला असता तर आज आपल्याला जुन्या बाजारातल्या चिरा गेलेल्या तबकड्यांवर कान लावून बसावे लागले नसते.

आता ठाण्याकडे येतो. निवृत्ती रावजी पाटील ऊर्फ पी. सावळाराम हे सातारा-सांगलीकडचे, येडे निपाणीचे. पण त्यांचे घर आणि सार्वजनिक आयुष्य ठाण्यात. ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा गळा असा त्रिवेणी योग जमला. ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे गाणे निघाले आणि महाराष्ट्रातल्या लग्नघरांत पाठवणीची वेळ या तबकडीवाचून पार पडेनाशी झाली. दोन डोळ्यांना दोन नद्या म्हणावे, आणि त्या वाहतात असे न म्हणता उभ्या आहेत असे म्हणावे, यात केवढी जाण आहे! वाहून गेलेले पाणी निरोपाच्या क्षणी उपयोगाचे नाही. पापणीशी थोपवलेलेच हवे. कविता म्हणून ही ओळ छापून आली असती तर तिच्यावर चर्चा झडल्या असत्या. पण ती तबकडीवर आली. आणि तबकडीसाठी लिहिणारा तो गीतकार, कवी नव्हे, अशी एक सोवळी रेघ आपल्याकडे ओढलेली होती. लोकांनी त्यांना ‘जनकवी’ म्हटले. त्या पदवीत प्रेम पुष्कळ आहे. पण मला त्यात एक सूक्ष्म तडजोडही दिसते. जनांचा कवी म्हटले की विद्वज्जनांना त्याच्याकडे न पाहण्याची मुभा मिळते.

मग पाहिले कोणी? माझे उत्तर असे की लाउडस्पीकरवाल्याने पाहिले. लग्न, सत्यनारायण, गणपती यांचे कर्णे बांधणारा हा गृहस्थ आमच्या शहरांतला नव्या गाण्यांचा पहिला परीक्षक. पदरचे पैसे घालून तबकडी घ्यायची असल्यामुळे त्याचा कान हिशेबी असे. मुंजीला कोणती लावायची, वरात निघताना कोणती, जेवणाच्या पंगतीला कोणती, हे त्याला पाठ. जी तबकडी लावल्यावर मांडवातले बोलणे क्षणभर थांबे ती तो जपून ठेवी. दुसरा परीक्षक म्हणजे लोकलगाडीतले भजनी मंडळ. कल्याणहून सकाळी सुटणाऱ्या गाडीत टाळ आणि ढोलकी घेऊन बसणाऱ्या मंडळींमध्ये मी अनेक वर्षे उभा राहिलो आहे. एखादी नवी चाल त्यांनी उचलून तुकोबांच्या अभंगाला लावली की ती टिकणार हे मी समजावे, आणि बहुधा ती टिके. चालीची घडण पक्की असल्याखेरीज ती परक्या शब्दांचा भार पेलत नाही, आणि मुंब्र्याच्या बोगद्याचा खडखडाटही पेलत नाही.

या परीक्षकांचे निकाल तोंडी होते. लाउडस्पीकरवाला गेला, मंडळातले बुवा निवृत्त झाले, की निकालही गेला. तथापि ऐकणाऱ्यांनी हट्ट धरला तर काय होते याचेही एक उदाहरण आहे. 1949 साली ‘महल’ चित्रपटातल्या ‘आएगा आनेवाला’ची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापलेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा सुरू केली आणि लता मंगेशकर हे नाव उघड झाले. गौहरजानने स्वतः सांगितलेले नाव आणि लोकांनी मागून घेतलेले हे नाव, यांच्या मध्ये पन्नास वर्षे गेली होती. गायिकेचे नाव मिळाले. मागे वाजवणारे मात्र अनामिकच राहिले.

वाजवणाऱ्यांचा विषय निघाला तेव्हा वाद्यांकडे वळू. विद्युत् यंत्राचा सूर आमच्या घराघरात शिरला तो 1954 च्या ‘नागिन’मुळे. त्यातली पुंगी ही पुंगी नव्हेच. कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या यंत्रावर ती वाजविली. माझ्या समजुतीप्रमाणे नव्या वाद्याचे याहून चोख परीक्षण झालेले नाही: खऱ्या गारुड्यांनी आपल्या पुंगीवर ती चाल उचलली. पण प्रत्येक प्रयोगाला असे नशीब लाभत नाही. 1982 साली मुंबईत चरणजित सिंग या वादकाने जुपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही तीन जपानी यंत्रे जोडून दहा रागांची तबकडी केली आणि ‘एचएमव्ही’ने ती काढली. रागाची सुरावट वर, खाली एकसारखा यांत्रिक ठोका आणि मधून सरपटत जाणारा, रबरासारखा ताणला जाणारा खर्ज. ती खपली नाही. पाच वर्षांनी, 1987 साली, शिकागोच्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’मध्ये त्याच टीबी-303 चा तोच ताणलेला आवाज निघाला आणि त्यातून एक पंथ उभा राहिला. चरणजितांची तबकडी 2010 साली हॉलंडमधल्या एका छोट्या प्रकाशकाने पुन्हा काढली, तेव्हा जगाने डोळे विस्फारले. 2015 साली ते वारले. रागसंगीताच्या जाणकारांना ती तबकडी पोरखेळ वाटली असेल, नाचणाऱ्यांना ती राग वाटली असेल. दोघांच्या मधे उभा राहून ‘हे काहीतरी तिसरेच आहे, जरा थांबून ऐका’ असे सांगणारा माणूस लागतो. परीक्षकाचे काम नेमके हेच, आणि अठ्ठावीस वर्षे ते पडून राहिले.

कल्याणचा प्रकार याच्या उलट. प्रल्हाद शिंदे मूळचे मंगळवेढ्याकडचे, पण कुटुंब कल्याणचे झाले. 2004 साली त्यांनी देह ठेवला तोही कल्याणलाच. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ त्यांच्या आवाजात ऐकले नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. तो आवाज वारकऱ्याचा, कव्वालाचा आणि भीमगीते गाणाऱ्या शाहिराचा एकाच वेळी होता; वरच्या पट्टीतही त्याची माती सुटत नसे. 1980 नंतर कॅसेटी आल्या, तबकडीच्या मानाने चौथाई पैशात गाणी मिळू लागली आणि बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या ‘नवीन पोपट’ने त्या लाटेवर महाराष्ट्र हलवून सोडला. सुशिक्षितांनी तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या. आठ्या हेही परीक्षण म्हणता येईल; पण त्यात ठेक्याबद्दल, ढोलकीबरोबर मिसळलेल्या यंत्राच्या ठोक्याबद्दल, शब्दांच्या चावट फेकीबद्दल एक अक्षरही येत नाही. या गाण्याची पारख कुठे झाली ती मी पाहिली आहे. डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री एकीकडे धवलारीण बाईंचा धवला संपतो आणि दुसरीकडे बेंजो, कॅसिओ आणि ऑक्टापॅड सुरू होतात. पहिल्या कडव्याला म्हातारे उठले तर गाणे जिंकले. नुसतीच पोरे उठली तर पुढल्या हंगामात ते वाजायचे नाही.

2024 साली क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ आले, आणि योगायोग असा की तेही हॉलंडमधल्याच, स्पिनिन् नावाच्या कंपनीने काढले. ते मी लक्षपूर्वक ऐकले. ठोका परका आहे, चारही मात्रांवर सारखा पडणारा. त्यावर मराठी शब्द गायिलेले कमी आणि ढोलकीच्या बोलांसारखे आपटलेले जास्त. ‘तांबडी’तला ‘ड’ आणि ‘चामडी’तला ‘ड’ ठोक्याच्या अशा जागी पडतात की त्या दोन अक्षरांनीच ताल धरल्यासारखे वाटते. मधे ठोका काढून घेतल्यावर गाणे थोडे पोकळ होते, शब्दांना तिथे अर्थाचा आधार पुरत नाही. पण ठोका परत येतो तेव्हा ‘ड’ पुन्हा आपल्या जागी बसतो, आणि मराठीतले हे कठीण अक्षर इतके दिवस भावगीतवाल्यांनी का टाळले असावे असा प्रश्न मनात येतो.