टाक्यांपूर्वीचे पातळ औषध

कपाळावरच्या खोकेला टाके घालणे, तळहातात रुतलेली काच काढणे, भाजलेल्या पायाची पट्टी बदलणे ही कॅज्युअल्टीतली कामे थोड्या मिनिटांत उरकतात. मोठ्या माणसाची जागा बधिर केली की भागते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र वेदनेइतकीच भीतीही छळते आणि ते एका जागी स्थिर राहत नाही. अशा मुलाला चादरीत घट्ट गुंडाळायचे आणि दोघातिघांनी दाबून धरायचे, हा फार काळ रिवाज होता. सुई न टोचता, तोंडावाटे औषध पाजून गुंगी आणणे हा त्याहून माणुसकीचा मार्ग. पण तो सुरक्षित व्हायला शतकाहून अधिक काळ लागला.

औषध पाजून मूल शांत करण्याची प्रथा दवाखान्याबाहेर कितीतरी जुनी आहे. इंग्लंडमध्ये ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ या नावाने अफूमिश्रित सरबत विकले जाई. अमेरिकेत 1849 पासून ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ मिळू लागले. त्यात मॉर्फिन होते. तिथल्या 1906 च्या कायद्याने असा घटक बाटलीवर छापणे सक्तीचे केले, तेव्हा कुठे पालकांना आपण काय पाजतो हे कळले. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. त्याबद्दल त्या आयांना दोष देणे अन्यायाचे आहे. पाळी लांबलचक, घरी मूल सांभाळायला कोणी नाही, गिरणीत पाळणाघराची सोय नाही. मूल दिवसभर निजून राहिले तरच मजुरी हाती पडे. यात कित्येक मुलांचा श्वास मंदावत जाई आणि जवळ बघणारे कोणी नसे.

वैद्यकात शिरलेले पहिले मोठे कृत्रिम गुंगीचे औषध म्हणजे क्लोरल हायड्रेट. युस्टुस फॉन लीबिग यांनी 1832 मध्ये क्लोरल तयार केले आणि बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइख यांनी 1869 मध्ये त्याचा झोपेसाठी उपयोग दाखवला. चव तिखट-कडू, पोटात जळजळ करणारी. तरी पाजता येते म्हणून मुलांसाठी ते शंभर वर्षांहून अधिक टिकले. भारतातल्या रुग्णालयांत परिचित असलेले ट्रायक्लोफॉस त्याच्याच कुळातले. दोन्हींपासून शरीरात ट्रायक्लोरोइथेनॉल तयार होते. पण त्याचा अंमल केव्हा चढेल याचा नेम नाही आणि उतरायलाही फार वेळ लागतो. स्कॅनसाठी मूल झोपवायचे तर हे चालून जाते. टाक्यांसाठी ते गैरसोयीचे, कारण काम आटोपते आणि मूल तासन्‌तास पेंगत राहते. शिवाय या औषधाने वेदना थांबत नाहीत.

1950 च्या दशकापासून पेथिडिन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचे मिश्रण स्नायूत टोचण्याची पद्धत रूढ झाली. सुई चुकवण्याचा हेतूच त्यात बाजूला पडला. अंमल लांबत जाई आणि श्वास दबण्याचा धोका असे. 1995 मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सने या मिश्रणाच्या सरसकट वापराविरुद्ध मत दिले.

खरा बदल मिडाझोलामने घडवला. हॉफमन-ला रोश कंपनीच्या प्रयोगशाळेत 1970 च्या दशकाच्या मध्यात ते तयार झाले. त्याने भीती ओसरते, मूल जागे असूनही निवांत होते आणि नंतर बहुधा त्याला तो प्रसंग आठवत नाही. आरंभी मुलांसाठी वेगळे सिरप नव्हते. शिरेतून द्यायचे द्रावणच डॉक्टर गोड पाकात कालवून पाजत. तयार सिरपला अमेरिकेत 1998 मध्ये मान्यता मिळाली. पोटातून गेलेल्या औषधाचा मोठा भाग आतडे आणि यकृत यांत आधीच निकामी होतो, म्हणून तोंडावाटे दर किलो वजनाला साधारण 0.5 मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतल्या मात्रेच्या कितीतरी पट, द्यावे लागते. पंधरा ते तीस मिनिटांत अंमल चढतो. काही मुले मात्र शांत होण्याऐवजी उलट चिडतात, रडतात. वेदना यानेही कमी होत नाही, त्यामुळे जागा बधिर करणे टळत नाही.

औषधे सुधारली तशी देखरेखही सुधारावी लागली, आणि दुर्दैवाने ती मृत्यूंनंतर सुधारली. दंतवैद्यांकडे गुंगी दिलेल्या मुलांच्या मृत्यूंनंतर अमेरिकन अकॅडमीने 1985 मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. चार्ल्स कोटे आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये अशा 95 दुर्घटना तपासल्या. त्यांतल्या 51 मुलांचा मृत्यू झाला होता. औषध कोणते किंवा कोणत्या वाटेने दिले यावर धोका ठरत नव्हता. देखरेखीतली ढिलाई, मात्रेतली चूक आणि औषधांवर औषधे देणे ही कारणे पुन्हा पुन्हा पुढे आली. काही मुलांना रुग्णालयात येण्यापूर्वी घरीच औषध पाजले होते, काही परतताना मोटारीत दगावली. पाजायचे औषध सौम्य असते ही समजूत इथे साफ खोटी ठरली.

2006 मध्ये बालदंतवैद्यांच्या अकॅडमीसह सुधारलेल्या तत्त्वांनी घरी गुंगीचे औषध देण्याला मनाई पक्की केली. वजनावरून मात्रा काढणे, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावणे, प्राणवायू व श्वासाची साधने हाताशी ठेवणे आणि मूल पूर्ववत जागे होईपर्यंत त्याला घरी न सोडणे हे आज या पद्धतीचे अंग मानले जाते. मिडाझोलामचा अंमल फार चढला तर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल ठेवतात.